भिंतीवर टांगलेलं जाळं

बाबा, आज मी जाळं ओढलं.

हसू नका. कमरेइतक्या पाण्यात उतरून, रविवारची चांगली साडी गुडघ्यावर खोचून, एक चप्पल चिखलात कायमची घालवून, तुमच्या गणिताच्या मॅडम पोरीनं जाळं ओढलं! हातांना दोरीचे वळ उठलेत, नखांत गाळ आहे, आणि अंगाला असा वास मारतोय की शेजारीण दारातूनच परत गेली. गॅसवर कालवण रटरटतंय. मला काही ते होईपर्यंत धीर निघत नाही. कोणाला तरी सांगितल्याशिवाय हे पोटात राहणार नाही, आणि सांगायचं तर ते तुम्हालाच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज त्या तळ्याच्या पाळीवर, बांधावर, मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत होते. तेच आता कागदावर बोलते.

तुमचं जाळं मी कधी पाहिलं नाही. मला आठवता ते तुम्ही चिखल्याच्या खाणीतून वर आलेले, मँगनीजच्या काळ्या धुळीनं माखलेले, कॉलनीच्या नळाखाली उकिडवे बसून खसाखसा अंग घासणारे. आई आतून ओरडते, "साबन पुरवून वापरा जी, महिना जायचा हाये!" तुम्ही तलावावर मासे धरत वाढलेले ढिवर, आणि पोट भरता जमिनीखाली उतरून, यात काही वेगळं आहे हे मला लहानपणी सुचलंच नाही. एकदा आई स्वयंपाकघरात मासे साफ करत बसली होती आणि मी विचारलं, "आपण मासे विकत काहून आणतो? आपण तं ढिवर ना?" आईनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ताटावर बसल्या बसल्या सांगून टाकलंत, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. तुम्ही ख्रिस्ती झालात, प्रभूचं नाव घ्यायला लागलात. गावानं बैठक बोलावली. म्हणाले, हात जोड, हे सगळं सोड, नाहीतर तलावावर पाय ठेवू नको. तुम्ही हात जोडले नाहीत. जाळं त्यांनी ठेवून घेतलं. "मंग?" मी विचारलं. "मंग काय, चिखल्याले आलो." मी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, बाबा, किती छळलं हो तुम्हाला! तर तुम्ही चिडलातच. "छळ कायचा? मले कोनं सुळावर चढवलं का? जाळं नेलं फक्त. जेव चूपचाप."

मग मोठी झाल्यावर मी तुम्हाला कितीतरी वेळा विचारलं, आणि प्रत्येक वेळी तुम्ही विषय बदललात. रिटायर होऊन तुम्ही माझ्याकडे लाखनीला आलात तेव्हा गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आमच्या मंडळीच्या हायवेकाठच्या चर्चमध्ये नवे पंखे लागले होते. प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर दान देणाऱ्याचं नाव, लाल रंगात. तुम्ही सगळी उपासना मान वर करून बसलेले. मला वाटलं, बाबा प्रार्थनेत रंगलेत. बाहेर आल्यावर म्हणता काय, "पोरी, ते मधातला पंखा सुरू झाला का नाव दिसत नाही. त्यायनं पैसे वापस मागाले पाह्यजे." मी रस्त्यावर उभी राहून पदर तोंडाला लावून हसले होते. पण त्याच आठवड्यात तुम्ही मला असं काही बोललात की आजही कान गरम होतात. जेवणाआधी मी प्रार्थना करत होते, बदली रद्द होऊ दे, प्लॉटचं काम होऊ दे, पोराचा नंबर लागू दे. तुम्ही मध्येच डोळे उघडलेत आणि विचारलंत, "देवाले कामावर ठेवलं का तू?" बस, एवढंच. मग निवांत भाकरी मोडलीत. मी जेवले नाही त्या दिवशी. रागानं.

पंखे आता गेले बाबा. आता एसी आहे, खुर्च्यांना गाद्या आहेत, गाण्याचे शब्द पडद्यावर येतात. मी काही नाक मुरडत नाही, उन्हाळ्यात मलाही बरं वाटतं. आणि शाळेत म्हणाल तर माझ्या आडनावावरून कोणाला धर्म कळत नाही. कोणी विचारत नाही, मी सांगत नाही, सगळ्यांचं छान चाललेलं.

तर पावसाळ्यानंतर एक घर आमच्या मंडळीत यायला लागलं. हायवेपासून आत एक गाव आहे, तिथलं ढिवरांचंच घर. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. हायवेपर्यंत पायी यायचे आणि तिथून काळीपिवळी जीप. काय झालं म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं तर मुलगा सांगायला लागला, आणि माझ्या अंगावर काटा आला बाबा. तेच शब्द! गावानं बैठक बोलावली, म्हणाले हात जोड, नाहीतर तलावावर पाय ठेवू नको. इतकी वर्षं मधे गेली, रस्ते झाले, मोबाइल आले, आणि शब्द तेच. जाळं तेवढं त्यांच्याकडे राहिलं होतं, पण ते टाकायला तलाव नाही आणि ओढायला सोबती नाही, कारण ते मोठं जाळं दोन्ही काठांवरून माणसांनी ओढायचं असतं. मुलगा रोजीच्या कामासाठी वरठीकडे जायला लागला होता. मिळालं तर काम, नाहीतर परत. आम्ही सगळ्यांनी खूप च् च् केलं. नाव घेऊन प्रार्थना केली. नंतर चहा-बिस्किटं.

मग आला कापणीचा सण. तुम्हाला आठवतो ना? धान घरात आलं की ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं पहिलं देवापुढे आणून ठेवायचं, आणि उपासना झाली की मांडवात त्याच वस्तूंचा लिलाव. आता आमच्यातल्या अर्ध्यांकडे शेतीच नाही, तेव्हा लोक अननस आणतात, केकचे डबे आणतात. मी सफरचंदं नेली होती, वर चिकटवलेल्या स्टिकरसकट. आणि ही म्हातारी डोक्यावर भलं मोठं गाठोडं घेऊन सरळ वेदीपर्यंत चालत गेली आणि धप्पकन खाली सोडलं. जाळं! "धान नाही जी आमच्याकडं," म्हणाली. "आजवर ह्यानंच खाऊ घातलं, तं हेच आनलं. तसंबी घरी पडूनच हाये. देवाच्या घरी पडलं तं बरं." पाळकसाहेबांचा आवाज भरून आला. सगळ्यांचे रुमाल निघाले. आणि मग आम्ही काय केलं, सांगू? लिलाव केला! मंडळीचे सेक्रेटरी, हायवेवर त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यांनी सगळ्यांच्या वर बोली लावली. टाळ्या पडल्या. त्यांनी मोठ्या मनानं ते जाळं तिथल्या तिथं मंडळीला भेट दिलं. पैसे रिवाजाप्रमाणे मंडळीच्या फंडात गेले, अंगणाच्या फरश्यांसाठी. आणि पुढच्या रविवारी पाहते तर जाळं वेदीमागच्या भिंतीवर टांगलेलं, वरून नाताळच्या लायटिंगच्या माळा! लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. मीही काढला. म्हातारी मागच्या खुर्चीवर बसून, आपल्याच जाळ्याकडे पाहत, गाणी म्हणायची. आणि एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की या घरचं पोट आपण भिंतीला ठोकलंय.

काल दुपारी वेदीपुढे फुलं लावायची माझी पाळी होती. म्हातारीचा मुलगा दारात येऊन उभा राहिला, चपला हातात. "मॅडम, एका दिवसासाठी जाळं भेटलं तं बरं झालं असतं. परवा वापस आनून जसंच्या तसं टांगून देतो. लायटिंगले धक्का नाही लागू देत." बाप्पा! माणूस आपलंच जाळं उसनं मागत होता, आणि वरून आमच्या लायटिंगची काळजी करत होता. मी म्हणाले, "टाकाल कुठं? गाव टाकू देईल का?" तर कळलं की गावाबाहेर एका बौद्ध शेतकऱ्याची स्वतःची बोडी आहे, शेतातलं लहान तळं, त्यात त्यानं मासे सोडलेले. त्यानं स्वतःहून यांना बोलावून सांगितलं होतं, "माह्या बोडीवर गावाचा हुकूम चालत नाही. आमच्या बापानं जुना धर्म सोडला तवा आमाले बी विहिरीवर चढू देत नव्हते. हे मले नोका शिकवू. अर्धे तुमचे, अर्धे माहे. टाका जाळं." पण दोन-चार दिवसांत तो बोडीचं पाणी उन्हाळी धानाला सोडणार, म्हणून घाई. मी म्हणाले, मग चेहरा का उतरलाय? मुलानं चपला खाली ठेवल्या. "मंगळवारी बैठक हाये मॅडम. गाव मले शेवटचं विचारनार. घरात दाना नाही. मासे भेटले तं टिकतो, नाही तं हात जोडून टाकतो. माय नाही जोडत, पन मी जोडतो. मले तुमच्याएवढा विश्वास नाही."

तुमच्याएवढा! बाबा, मला हसावं की रडावं कळेना. मी कोणाच्या पुढ्यात कधी उभी राहिले होते? मी खुर्ची ओढली, वर चढले आणि जाळं ओढायला लागले. लायटिंग कडाकडा तुटून खाली आली. लगेच माझा मोबाइल वाजला. सेक्रेटरी साहेब! "मॅडम, मले कॅमेऱ्यात दिसून राह्यलं. तुमी काय करून राह्यल्या?" तो कॅमेरा दानपेटीवर लक्ष ठेवायला बसवलाय. मी म्हणाले, "जाळं उतरवून राहिली." "ते मंडळीची प्रॉपर्टी आहे ना मॅडम." "मग प्रॉपर्टीसोबत मंडळीनंही चलावं, ओढायला माणसं लागतात." माणूस वाईट नाही हो. "मॅडम, त्याच गावच्या ट्रॅक्टरवाल्यायवर माहं दुकान चालते. आपन प्रार्थना करू ना त्यायच्यासाठी." मी म्हणाले, "आपण प्रार्थनाच करून राहिलो, म्हणून तर जाळं भिंतीवर गेलं," आणि फोन ठेवला. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी उपासनेत सूचनांच्या वेळी मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मंगळवारची बैठकही. कोणी घड्याळ पाहिलं, कोणी पर्स उघडून बंद केली. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, गोल गुटगुटीत, जेवणाचे शौकीन, कोणाला नाही म्हणता येत नाही त्यांना. ते कागद गोळा करायला लागले. मला वाटलं, संपलं. तर म्हणतात, "आजचा संदेश मी तयार केला होता. पण मले वाटते तो बोडीवर जास्त समजेल. ज्यायले यायचं ते चला." आणि खरंच निघाले, बाबा! सगळे नाही. पण मोटारसायकली निघाल्या, एक टेम्पो मिळाला, कॉलेजच्या पोरी दुपट्टे बांधून मागे चढल्या, आणि ती सगळी वरात धुळीच्या रस्त्यानं गावाच्या कडेनं बोडीवर!

पहिल्या ओढीला आम्ही काय केलं असेल? गाणं सुरू केलं. जोर चढला, टाळ्यांच्या तालात हात वर, आणि हातांसोबत दोरीही वर! मासे खालून सटासट निघून गेले. म्हातारी पाळीवर उभी राहून कपाळ बडवत ओरडली, "गानं मंग म्हना जी! खालची दोरी पायानं दाबा, गाळातून सरकवा! मासोळी का तुमचं गानं ऐकाले थांबनार हाये?" जाळं रिकामं आलं. चिखल आणि एक कासव. मुलाचा चेहरा मी पाहिला, तो जाळं झटकत होता आणि कोणाकडे बघत नव्हता. मग दुसऱ्यांदा. या खेपेला गाणं नाही. पाळकसाहेब छातीइतक्या पाण्यात, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो शेतकरी धोतर खोचून. पाय गाळातून ओढत ओढत, एकेक वीत. आणि मध्यावर आलो तेव्हा दोरीत धक्का बसला. मग दुसरा. मग असे धडाधड धक्के की माझे खांदे निखळायची वेळ! पाणी उकळल्यासारखं उसळलं, एक रोहू माझ्या डोक्यावरून उडी मारून गेला आणि मी किंचाळले, "बाबा!" खरंच, तोंडातून तेच निघालं. तुमच्याकडून काय काढून घेतलं होतं ते मला आज, त्या क्षणी, दोन्ही हातांत कळलं. तुम्ही म्हणायचात जाळं नेलं फक्त. फक्त!

मासे काठावर तडफडत होते आणि आम्ही वेड्यासारखे हसत होतो, तेवढ्यात गावाकडून मोटारसायकली आल्या. चार-पाच जण पाळीवर उभे राहिले. एकानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. सेक्रेटरी साहेबांची गाडी मघाशीच येऊन दूर बाभळीखाली थांबली होती, काचा वर, इंजिन चालू. मोबाइलवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, "अरे, तुमी तं गनिताच्या मॅडम ना? माहा पोरगा तुमच्याच वर्गात हाये. इथं काय शिकवून राह्यल्या?" मी म्हणाले, "शिकवून नाही राहिली भाऊ, मासे पकडायला शिकून राहिली." एक-दोघं हसले. तो नाही हसला. त्यानं मोबाइल जवळ आणला. "हे लोक तुमचे कोन? तुमी बी त्यायच्यातल्याच का?" बाबा, सोपं होतं. मदतीला आले, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी मोबाइलकडेच पाहून बोलले. "हो. मी ख्रिस्ती आहे. माझे बाबा ढिवर होते, त्यांचं जाळंही असंच गावानं ठेवून घेतलं होतं. हा माझा भाऊ आणि ही माझी माय." आवाज चिरका निघाला, पण निघाला. बाभळीखाली इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. सेक्रेटरी साहेब गाडीतून उतरले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखल तुडवत येऊन माझ्या बाजूला उभे राहिले. पाय पांढरेफटक होते त्यांचे.

म्हातारीला या कशाशी घेणंदेणं नव्हतं. अर्धे मासे शेतकऱ्याला मोजून दिले आणि उरलेल्याचे ती पळसाच्या पानांवर हिस्से लावत बसली होती, ढिवरांच्या रीतीनं, ज्यानं दोरीला हात लावला त्याला हिस्सा. पोरी म्हणाल्या, आजी, आम्हाला नको, तुम्हीच ठेवा, विका. तर ती उखडलीच. "हिस्सा नाही घेत तं तुमी का माहे मजूर हा? चला, उचला!" सगळ्यांनी मुकाट्यानं उचलला. मग तिनं आणखी पानं मांडली आणि उभ्या असलेल्या त्या लोकांना हाक मारली. "या गा, तुमचा बी हाये. उभ्या उभ्या थकले असान. लेकरं खातीन." शूटिंग करणाऱ्याचा हात खाली आला. त्यानं हिस्सा घेतला नाही, कोणीच घेतला नाही. मोटारसायकली वळल्या आणि गेल्या. म्हातारीनं ती पानं उचलली नाहीत, वरून ओला फडका टाकून सावलीत सरकवली. "येतीन संध्याकाळी कोनी," म्हणाली. तिचा मुलगा उरलेले मासे लाखनीच्या बाजारासाठी टेम्पोत चढवत होता. मी विचारलं, मंगळवारचं काय? तो पहिल्यांदा हसला. "जातो ना मॅडम बैठकीले. हात खिशात टाकून जातो."

हे लिहिता लिहिता हेडमास्तरांचा फोन येऊन गेला. व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर आलाय. "मॅडम, त्या तुम्हीच ना?" "हो सर, मीच." "उद्या जरा लवकर या. संस्थेचे लोकही येणार आहेत." आवाजात राग नव्हता, पण नेहमीचा मोकळेपणाही नव्हता. काय होईल मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित पुष्कळ. मी कालवण उतरवलं, भात वाढून घेतला आणि प्रार्थनेला डोळे मिटले. बदली, प्लॉट, पोराचा नंबर, काही आठवलंच नाही.

हे पत्र टाकायचं कुठं? चिखल्याच्या क्वार्टरमध्ये आता दुसरंच कुटुंब राहतं, आणि तुमच्या कबरीवर कागद ठेवून येण्याइतकी मी भाबडी नाही. राहू द्या घरातच. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. आज पहिल्यांदा मी देवाकडे तुमच्यासारखा विश्वास मागितला. आणि आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हापासून धास्ती वाटून राहिली बाबा, की तो खरंच देईल.